‘अ‍ॅडमायरर’ला मराठीत काय म्हणावं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाहून एका ताईंनी प्रश्न पाठवलाय. ताई ट्रान्स आहेत, म्हणजे जन्मल्या तेव्हा मुलगा म्हणून नोंद झाली, पण त्या स्वतःला बाई समजतात; आईवडिलांजवळच राहतात, ब्लाऊज-फॉल-पिकोचं काम करतात. डेटिंग अ‍ॅपवर त्यांचं प्रोफाइल इंग्रजीत आहे. ते वाचून दिल्ली-मुंबईचे लोक ‘हाय’ करतात आणि गावाचं नाव ऐकलं की गायब होतात. म्हणून आता त्यांना मराठीत लिहायचंय. त्या विचारतात: स्वतःला ‘तृतीयपंथी’ लिहू का? एक मित्र कधीमधी साडी नेसतो, इंग्रजीत ‘क्रॉसड्रेसर’ लिहितो, त्याच्यासाठी मराठी शब्द कोणता? आणि जे पुरुष ‘मी ट्रान्स अ‍ॅडमायरर’ (म्हणजे मला ट्रान्स बाया आवडतात) असं सांगत येतात त्यांना ‘चाहता’ म्हणायचं का? ‘भाऊ, तो शब्द वाचला की मी कुठल्या मंचावर उभी आहे असं वाटते,’ असंही त्यांनी लिहिलंय.

खरी मेख या शेवटच्या प्रश्नात आहे, म्हणून तो आधी घेतो.

‘चाहणे’ हे क्रियापद मराठी माणूस आज बोलताना वापरत नाही. मागे राहिला तो ‘चाहता’, आणि तो जाऊन बसला नटनट्या, गायक आणि क्रिकेटपटूंच्या पुढ्यात. चाहता लांबून बघतो, सही मागतो, फोटो मागतो, आणि बहुतेक वेळा अनेकवचनात सापडतो. ज्याचा तो चाहता, त्याला याचं नावही ठाऊक नसतं. ताईंना मंच आठवला तो उगीच नाही, शब्दानेच तो मांडून ठेवलाय. ‘रसिक’ म्हटलं तर समोर लावणीचा फड येतो. ‘शौकीन’ आपल्याकडे खर्ऱ्याचा असतो, तर्रीचा असतो. माणसाचा शौकीन म्हटलं की माणूस पानठेल्यावर मांडल्यासारखा होतो. ‘आशिक’ तर तालुक्याच्या कॉलेजच्या गेटवर मोटरसायकल लावून उभा राहणारा, त्याला घरी कोणी चहा देत नाही.

हिजडा आणि कोती (पुरुषांकडे ओढ असलेले, बायकी वळणाचे पुरुष) समाजाच्या आपल्या बोलीत यासाठी शब्द आहेत: ‘पंथी’ आणि ‘गिरिया’. कोतीचा जो पुरुष जोडीदार, तो पंथी. हिजड्याचा नवरा किंवा यार, तो गिरिया. शब्द नेमके आहेत, पण ते आतल्या गोटाचे. बाहेरच्याने प्रोफाइलवर ‘मी पंथी’ लिहिलं तर गावातला वाचणारा विचारेल, कोणत्या पंथाचा?

माझं मत असं की इथे नाम शोधूच नये. मराठीला हे काम क्रियापदाने करायची सवय आहे. ‘मला ती आवडते’ या वाक्यात कर्ता कोण? ‘ती’. ‘मी’ बिचारा ‘मला’ होऊन चतुर्थीत बसतो, वऱ्हाडीत ‘मले’. आवडणारी व्यक्ती पुढे, आवड बाळगणारा मागे, अशी ही रचना आहे. ‘अ‍ॅडमायरर’ने जो पुरुष स्वतःला मधोमध उभा करतो, त्याला आपलं व्याकरण बाजूला सरकवतं. शिवाय इंग्रजीत ‘आय लाइक यू’ म्हणताना समोरचा बाई की पुरुष हे लपवता येतं. मराठीत सोय नाही. ‘मले तू आवडतो’ की ‘मले तू आवडते’, यातलं एक त्याला लिहावंच लागतं. दिवसभर ‘डिअर, ब्यूटिफुल’ लिहिणारा माणूस रात्री अकराला ‘तू कुठे राहतो बे’ लिहून जातो, तेव्हा त्याच्या मनात काय आहे ते एका ओकारात कळतं. ताईंनी मराठीत प्रोफाइल करण्याचा हा फायदा मोजून ठेवावा.

(चाहत्यावरून आठवलं. चिखलदऱ्याचं नाव कीचकदऱ्यावरून आलं असं आपल्याकडे सांगतात, आणि वैराटला विराटाची राजधानी मानतात. त्या हिशेबाने बृहन्नडा झालेला अर्जुन मेळघाटातच उत्तरेला नाच शिकवत होता. आणि नाही म्हटलेलं न ऐकणारा कीचक हाही सैरंध्रीचा चाहताच होता की! ‘बृहन्नडा’ आणि ‘शिखंडी’ ही नावं लोक शिवीसारखी वापरतात, कीचकाचं नाव मात्र कुणी तितक्या सहज कुणाच्या तोंडावर फेकत नाही.)

आता ‘तृतीयपंथी’. हा शब्द सरकारी कागदावर पक्का बसलाय. निवडणूक आली की पुरुष मतदार, महिला मतदार, तृतीयपंथी मतदार असे आकडे छापून येतात. शब्द शिवी नाही, अर्जावर लिहायला हरकत नाही. पण त्यातला ‘पंथ’ बघा. पंथ म्हटलं की विदर्भातल्या माणसाला रिद्धपूर आठवतं, महानुभाव आठवतात. पंथ माणूस स्वीकारतो, त्यात गुरू असतो. ज्यांनी हिजड्यांच्या घराण्यात जाऊन गुरू केला, चेला झाल्या, त्यांना तो शब्द काही अंशी लागूही पडतो. आईवडिलांजवळ राहून शिलाई मशीन चालवणाऱ्या ताईंचा पंथ कोणता सांगायचा? आणि ‘तृतीय’मध्ये पहिलं-दुसरं कोण हे आधीच ठरून गेलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालाने तिसऱ्या लिंगाला मान्यता दिली, हे सगळ्यांना आठवतं. त्याच निकालात स्वतःची ओळख पुरुष, स्त्री की तिसरं लिंग हे व्यक्तीने स्वतः ठरवावं असंही म्हटलंय, हे बातम्यांत मागे पडलं. ज्या स्वतःला बाई समजतात त्यांनी तिसऱ्या रांगेत उभं राहायची सक्ती कुठे आहे?

कार्यकर्त्यांच्या लिखाणात ‘पारलिंगी’ येतो. चांगला घडवलाय: पार म्हणजे पलीकडे. फक्त काना गेला की ‘परलिंगी’ होतो, आणि पर म्हणजे परका. मोबाइलवर टाइप करताना हा काना फार वेळा पडतो. ‘किन्नर’ नागपूरकडून, हिंदीतून आलाय. तो ऐकला की गावात लोकांना रेल्वेचा डबा आठवतो. ‘जोगता’ यल्लम्माचा, तिकडे दक्षिणेचा, आपल्याकडे उपरा. राहिला ‘ट्रान्स’. तो पोरासोरांच्या तोंडी रुळलाय आणि त्याला अजून कोणी शिवी केलेलं नाही. मी ‘ट्रान्स बाई’ लिहीन. ‘स्त्री’ भाषणात आणि फॉर्मवर असते. बोलताना आपण बाईच म्हणतो.

मित्राचा प्रश्न अवघड आहे. ‘वेषांतर’ सुचवाल तर नको. वेषांतर हेर करतो, पळून जाणारा करतो. त्यात ओळखू न येणं हाच हेतू. ‘बहुरूपी’ पोलिसाचा वेश करून दारात येतो नि दमदाटीची नक्कल करून पैसे नेतो. ‘सोंग’ म्हटलं की झोपेचं सोंग आलंच. हे तिन्ही शब्द फसवणुकीच्या गल्लीतले आहेत, आणि डेटिंगच्या मामल्यात ‘मले फसवलं’ हा आरोप या लोकांवर आधीच टपून बसलेला असतो. तो शब्दातूनच हातात का द्यावा?

रंगभूमीने एक सरळ शब्द दिला होता: ‘स्त्रीपार्ट’. बालगंधर्वांची पिढी त्यावर जगली. आपल्याकडे झाडीपट्टीच्या दंडारीत, खडी गंमतीत लुगडं नेसून पुरुष उभा राहिला की बायाबापड्या कौतुकाने बघतात, त्याची चाल आणि मुरका वाखाणतात. तेच लुगडं त्याने दंडार नसताना घरात नेसलं की ‘बायल्या’. शब्द मंचापुरता, माणूस मंचाखाली उतरला की संपला. म्हणून ‘स्त्रीपार्टी’ही इथे उपयोगाचा नाही. ‘परवेषधारी’ वगैरे समासांनी प्रोफाइल वाचणारा दचकेल.

इथेही क्रियापदच बरं. ‘मला साडी नेसायला आवडते’ एवढं पुरतं. ‘नेसणे’ मोठं समंजस क्रियापद आहे: साडी नेसतात तसं धोतरही नेसतात. एका शब्दातच हवं असेल तर ‘क्रॉसड्रेसर’ देवनागरीत लिहावं, कळतं लोकांना. त्याचं इंग्रजी लघुरूप ‘सीडी’ लिहिलं तर गाण्याची सीडी समजणारे अजून आहेत. ‘नेसतो’ लिहायचं की ‘नेसते’, ते मित्राने ठरवावं. काही जण शर्टात ‘तो’ नि साडीत ‘ती’ असतात. दोन्ही लिहिलं तरी भाषा बुडत नाही. तुम्ही-आम्ही मात्र विचारून मग बोलावं. ‘ते आलं’ असं नपुंसकलिंगी बोलणं सगळ्यात वाईट, मग बाकी शब्द कितीही सभ्य असोत.

जाता जाता: ताईंनी मसुद्यात ‘मी आली’, ‘मी शिकली’ लिहिलंय आणि कंसात ‘चुकलं असेल तर आले-शिकले करा’ म्हटलंय. करणार नाही. विदर्भातल्या बाया ‘मी आली’च म्हणतात. पुण्याचं ‘आले’ घातलं तर प्रोफाइल पुन्हा परगावचं होईल.

मसुदा मी असा केलाय: ‘ट्रान्स बाई आहे. शिवणकाम करते. मराठी बोलते, हिंदी चालते. आधी बोलू, पटलं तर दिवसा भेटू. पहिल्याच दिवशी फोटो मागू नका. घरी लग्न झालेलं असेल तर आधी सांगा.’ ‘डेट’ला मी ‘भेटू’ ठेवलं. ‘स्थळ’ म्हटलं तर पोहे करावे लागतील, ‘लफडं’ म्हटलं तर सरपंचाकडे जावं लागेल.

समोरून ‘डिस्क्रीट’ असं येतं त्याचं मराठी ‘गुपचूप’. कोणासाठी गुपचूप, ते मात्र विचारून घ्यावं. पुष्कळदा त्याची अब्रू झाकायची असते नि तुमची उघडी. काही अ‍ॅपवर समोरचा किती अंतरावर आहे तेही दिसतं. नागपुरात दोनशे मीटर म्हणजे शेकडो घरं. गावात चावडीवरून दोनशे मीटर म्हणजे कोणाचं घर, ते शाळेतलं पोरगंही सांगेल. ग्राइंडरसारख्या अ‍ॅपवर ते अंतर सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं, ते आधी करा. फोटो दाखवून कोणी पैसे मागितले तर पैसे न देता १९३० ला फोन लावा, सायबर गुन्ह्यांचा तो देशभराचा क्रमांक आहे. आणि प्रोफाइलवर जिल्हा लिहिला तरी पुरे, गावाचं नाव नको.