'ऑल्टर्ड' कॉर्डला 'विकृत' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की जॅझमधल्या 'ऑल्टर्ड डॉमिनंट' कॉर्डला (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले काही स्वर, डॉमिनंट म्हणजे घरच्या कॉर्डकडे ओढणारी, आणि ऑल्टर्ड म्हणजे तिचे काही स्वर हलवलेले) मराठीत 'विकृत' म्हटलं तर चालेल का, आणि चार्टवर, म्हणजे कॉर्डची नावं लिहिलेल्या कागदावर, नुसतं 'जी सेव्हन ऑल्ट' लिहिलेलं असलं की पियानोवर नेमकं वाजवायचं काय. दोन्ही गोष्टी एकमेकांत अडकलेल्या आहेत म्हणून एकत्रच लिहितो.

रोजच्या बोलण्यात 'विकृत' वाईट अर्थाने येतो हे खरं, पण संगीतात तो साधा पारिभाषिक शब्द आहे. कोमल रे, ग, ध, नी आणि तीव्र म हे विकृत स्वर, म्हणजे शुद्ध जागेवरून सरकलेले. ऑल्टर्डचा अर्थही जवळपास तोच, त्यामुळे शब्द सुचवणाऱ्याने विचार करूनच सुचवलाय. अडचण पुढे येते. आपल्याकडे सा आणि प अचल. आता कॉर्डच्या मूळ स्वराला सा धरा, तर ऑल्टर्ड कॉर्डमध्ये हलतो तो चक्क प! तो अर्धा स्वर खाली तरी जातो नाहीतर वर, आणि रे, ज्याला जॅझवाले नाइन्थ म्हणतात, त्याचंही तसंच. उलट कोमल नी, जो आपल्या हिशोबाने विकृत, तो इथे जागचा हलत नाही, कारण शुद्ध ग आणि कोमल नी या जोडीवरच कॉर्डचं डॉमिनंटपण उभं असतं. म्हणजे इथले अचल स्वर सा, ग आणि कोमल नी. 'विकृत' वाचलं की माणूस आपलाच हिशोब लावणार आणि घोळ होणार, म्हणून माझं मत सरळ 'ऑल्टर्ड'च लिहा. कपडे ऑल्टर करून आणतो म्हणतोच की आपण, शब्द परका राहिलेला नाही.

आता वाजवायचं. जी सेव्हन म्हणजे जी, बी, डी, एफ. यातले बी आणि एफ सोडायचे नाहीत. डी काढा, त्याच्या जागी डी फ्लॅट किंवा ई फ्लॅट घ्या (फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खाली), आणि नाइन्थच्या, म्हणजे ए च्या, जागी ए फ्लॅट किंवा बी फ्लॅट. बी फ्लॅट घेतलात तर दोन्ही गंधार एकाच कॉर्डमध्ये येतात, जी ला सा धरून शुद्धही आणि कोमलही, आणि तो खडखडाट हवाच असतो. 'ऑल्ट' म्हणजे चारही एकदम वाजवा असं नाही, दोन्ही जागांचा एकेक पुरतो, कुठला ते वरची चाल कुठे आहे ते बघून ठरवायचं.

सरावाला हे घ्या. डी मायनर सेव्हनसाठी खालून वर एफ, ए, सी, ई. मग जी ऑल्टर्डसाठी एफ, ए फ्लॅट, बी, ई फ्लॅट. मग सी मेजरवर उतरताना ई, जी, बी, डी. नीट बघा, एकही बोट अर्ध्या स्वरापेक्षा जास्त सरकत नाही, ए वरून ए फ्लॅट वरून जी, तसंच ई वरून ई फ्लॅट वरून डी, एफ तर पहिल्यांदा हलतच नाही. एकटेच वाजवत असाल तर हे उजव्या हाताने आणि डाव्याने खाली डी, जी, सी. अगदी हळू वाजवा आणि मधली ए, ए फ्लॅट, जी ही ओळ तोंडाने म्हणा, बोटांच्या आधी कानाला कळलं पाहिजे. हात बसला की सगळं एक पूर्ण स्वर खाली न्या, मग अजून एक.

तान घ्यायची असेल तर ए फ्लॅट मेलडिक मायनर (ए फ्लॅटला सा धरून कोमल ग, बाकी सगळे शुद्ध) जी पासून सुरू करा, तीच जी ऑल्टर्ड स्केल. आणि ज्यांचा कान सरगमवर तयार झालाय त्यांच्यासाठी एक गंमत, जिथे उतरायचंय त्या सी ला सा धरलं तर ते चार बदललेले स्वर म्हणजे कोमल रे, ग, ध, नी, भैरवीचेच चारही कोमल, फक्त इथे त्यांच्यासोबत शुद्ध नीपण असतो. मला तरी ही कॉर्ड ऐकून ओळखायला हाच धागा सगळ्यात उपयोगी पडतो.