नोंगरियाट आणि रेनबो फॉल्स: एका दिवसात होईल का, गाईड घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चौघे जाताय, सोबत साठी ओलांडलेली आई आहे, चेरापुंजीहून (तिथे सोहरा म्हणतात) सकाळी निघून नोंगरियाट गावातला झाडाच्या जिवंत मुळांचा दुमजली (डबल डेकर) पूल आणि त्यापुढचा रेनबो फॉल्स धबधबा पाहून संध्याकाळी परतायचं आहे, आणि "पायऱ्या बांधलेल्या आहेत तर गाईड कशाला?"

आधी वेळेचं सांगतो, कारण घोळ तिथेच होतो. मेघालयात नोव्हेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दरीत अंधार त्याच्याही आधी उतरतो. आपल्याला सहा वाजेपर्यंत उजेडाची सवय, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या हिशेबाने आखलेला दिवस तिथे दीड तासाने आखूड पडतो. टिर्ना गावातून नोंगरियाटला तीन हजारांहून जास्त पायऱ्या उतरायच्या. पुढे रेनबो फॉल्सपर्यंत एका बाजूने साधारण दीड तास, तेही ओल्या दगडांवरून. मग परत येऊन त्याच पायऱ्या चढायच्या. चढ दमवतो, पण गुडघे धरतात ते उतरतानाच. तेव्हा एका दिवसाचा बेत सोडा आणि नोंगरियाटमध्ये एक रात्र मुक्काम करा. गावात साधी होमस्टे आहेत, भात-डाळ-भाजी मिळते. मोठ्या बॅगा सोहऱ्यातच ठेवा. दुपारी परत फिरणारे पर्यटक वर गेले की पुलाशी शांतपणे बसता येतं, ते मुक्कामाशिवाय शक्य नाही.

आता गाईडचं. पुलापर्यंतची वाट कुणालाही सापडेल, हे तुमचं खरं आहे. तरीही माझं उत्तर ठाम आहे : गाईड घ्या, आणि तो त्या दरीतल्याच गावचा घ्या. गुवाहाटीहून गाडीसोबत येणारा नको.

पहिलं कारण पाणी. ही दरी पठाराच्या दक्षिण कड्याखाली आहे. बांगलादेशच्या मैदानावरून आलेले ढग थेट याच कड्याला धडकतात, म्हणून सोहऱ्याला वर्षाला अकरा हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वर पठारावर सर कोसळली की खाली ऊन असतानाही ओढा फुगू शकतो. नोव्हेंबरात हे क्वचित घडतं, पण घडतं. गावचा माणूस पाण्याचा रंग पाहून थांबवतो. कुठल्या डोहात उतरायचं, कुठल्या खडकावर पाय ठेवायचा नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. तो नको म्हणाला तर वाद घालू नका.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते पूल ज्यांनी वाढवले त्यांच्यासोबतच ते पाहावेत. आपण बाल्कनीतल्या कुंडीत जे रबराचं झाड लावतो, त्याच जातीच्या झाडांच्या हवाई मुळांचे हे पूल आहेत. सुपारीची खोडं पोखरून ओढ्यावर आडवी टाकायची, त्यांतून कोवळी मुळं पलीकडे न्यायची, ती त्या काठावर रुजली की नवी मुळं त्यांत गुंफत राहायची, फटींत दगड भरायचे. पूल माणसाचं वजन पेलायला पंधरा-वीस वर्षं सहज जातात, म्हणजे सुरुवात करणारा पुष्कळदा पुढच्या पिढीसाठीच काम करत असतो. या दमट हवेत बांबू कुजतो, लोखंड गंजतं. जिवंत मूळ मात्र वयाबरोबर घट्ट होत जातं. पावसाळ्यात सुपारीच्या आणि विड्याच्या पानांच्या बागांत जाता यावं म्हणून इथल्या उतारांवर राहणाऱ्या वॉर-खासी लोकांनी (खासी जमातीची एक शाखा) हे उभं केलं. खालच्या पुलाला पुराचं पाणी लागायला लागलं म्हणून वरचा वाढवला, असं गावात सांगतात. २०२२ मध्ये हे पूल युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या (संभाव्य) यादीत गेले. पण गाईड एखादं कोवळं मूळ जागच्या जागी वळवून गुंफून दाखवतो, तेव्हा हे काम अजून चालू आहे हे डोळ्यांना दिसतं. पुलावर उड्या मारू नका, मुळांना लोंबकळू नका, फोटोसाठी गर्दी करू नका.

शिवाय तिथली जमीन बहुतेक गावाची किंवा कुळांची आहे, सरकारी जंगल नव्हे. गावसभा म्हणजे दोरबार, तिचा शब्द चालतो. एखादी वाट बंद असेल तर बंद. पुरुषांना "बाह", बायकांना "कोंग" म्हणून हाक मारा, निघताना "खुबलेई" (धन्यवाद) म्हणा. घरी बसवलं तर चुना लावलेलं पान आणि ओली सुपारी पुढे येते. सवय नसेल तर अगदी छोटा तुकडा घ्या, ती चांगलीच चढते.

आईंबद्दल : गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना नोंगरियाटला नेऊ नका. मॉलिन्नॉन्गजवळ रिवाई गावात मुळांचाच पूल आहे, तिथे थोड्याच पायऱ्या उतरून पोहोचता येतं. नोहकालिकाई धबधबा तर वरच्या कठड्यावरूनच समोर दिसतो. सुमारे ३४० मीटरची उडी आहे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाणी बऱ्यापैकी असतं. जानेवारीत गेलात तर धार बारीक होते, खुद्द सोहऱ्यातही पिण्याच्या पाण्याची ओढाताण असते.

रविवार टाळा. बहुतेक गाव चर्चला जातं, दुकानं बंद असतात. रोख रक्कम सोहऱ्यातच काढून ठेवा. गाईडचे पैसे टिर्नालाच बोलून घ्या, रेनबोपर्यंत धरून. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवसाचेही स्पष्ट ठरवा, आणि ठरल्यावर घासाघीस करू नका.