नडग्यांची खाज आणि बंबाचं पाणी

प्रश्न : वय ६८. थंडी पडली की नडग्या पांढऱ्या पडतात, खाजवून रक्त येतं. खोबरेल लावूनही फरक नाही.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, खोबरेल कोरड्या अंगावर चोळत असाल तर तिथंच चुकतंय. तेल ओलावा देत नाही, असलेला धरून ठेवतं. या वयात त्वचेतलं तेल मुळात कमी. बंबाचं कढत पाणी आणि साबण उरलंसुरलंही धुऊन नेतात. कोमट पाण्यानं १० मिनिटांत आंघोळ उरका. साबण फक्त काखा, जांघा, तळपायांना. अंग टिपा, घासू नका. दमट असतानाच, ३ मिनिटांच्या आत, बिनवासाची पेट्रोलियम जेली लावा, झोपताना पुन्हा. तळपायाला लावलीत तर मोजे घाला, फरशीवर पाय सटकतो! दोन आठवड्यांत खाज हटली नाही, तर डॉक्टरांना दाखवाच. साखर, थायरॉईड, किडनीही तपासावी लागते.