पेशीचा पडदा आणि घरातल्या आरओचं मेम्ब्रेन एकाच पद्धतीने काम करतात का?

नाही, दोन्हीतून पाणी जातं आणि क्षार मागे राहतात एवढंच साम्य, आतली पद्धत वेगळी. पेशीच्या पडद्यात ॲक्वापोरिन नावाच्या प्रोटीनच्या नळ्या असतात, इतक्या अरुंद की पाण्याचे रेणू एकामागोमाग एक रांगेतच जातात, तरी एका नळीतून सेकंदाला अब्जावधी रेणू पार होतात आणि मीठ सोडाच, प्रोटॉनसुद्धा जात नाही! याच शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं केमिस्ट्रीचं नोबेल विभागून मिळालं. आरओत पॉलिअमाइड नावाच्या प्लास्टिकचा अगदी पातळ थर असतो, त्यात अशा ठरावीक नळ्या नाहीत. ॲक्वापोरिन बसवलेली मेम्ब्रेनसुद्धा आता मिळतात, पण आरओ म्हटलं की पंपाचा दाब त्यांनाही लागतोच, कारण खारट बाजूने पाणी उलटं काढायचं तर ऑस्मॉसिसच्या दाबावर, म्हणजे पाणी आपोआप खारट बाजूकडे ओढलं जातं त्या दाबावर, मात करावीच लागते.