बेवारस कोण ठरवतं?

मागच्या अंकात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत अर्ध्याहून जास्त पत्रं फिरून फिरून एकाच जागी आली, की आपण गेल्यावर अंत्यसंस्कार कोण करणार. म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. मी २२ वर्षं सरकारी हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक होते, वॉर्डात जेवढी बसले तेवढीच मॉर्च्युरीबाहेरच्या बाकड्यावर बसले असेन, त्यामुळे उत्तरं थोडी तिथल्या भाषेत येतील, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीच्या गेटपाशी सात-आठ वर्षं एक काका बसायचे. नाव विचारलं की हसायचे. कोणी चहा द्यायचं, कोणी पोळीभाजी. गेल्या आठवड्यात सकाळी वॉचमनने हलवलं तर ते गेलेले होते. पोलीस येऊन घेऊन गेले. चार दिवसांनी आम्ही तिघं-चौघं चौकशीला गेलो तर कळलं अजून शवागारातच आहेत. वर्गणी काढून आम्हीच करावं असं वाटतंय, पण सोसायटीत काही जण म्हणतात लफड्यात पडू नका. खर्च किती येतो? आणि आम्ही नाही केलं तर त्यांचं काय करतात? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी खर्चाचं सांगते कारण ते सगळ्यात सोपं आहे. कोणी पुढे आलं नाही तर ते काम महापालिकेचं. १९४९ च्या महापालिका कायद्यात पालिकेने करायलाच हव्यात अशा कामांची यादी आहे, त्यात दिवाबत्ती आणि गटारांच्या बरोबरीने बेवारस प्रेतांची विल्हेवाट हेही आहे. (विल्हेवाट हा शब्द मला कधीच आवडला नाही, पण सरकारी कागदावर तोच भेटणार.) मुंबईत तर घरचे असतात त्यांनाही पालिकेच्या स्मशानात साधारण ३०० किलो लाकूड फुकट मिळतं. म्हणजे अडतं ते जाळायच्या पैशावर नाही. अडतं कापडावर, गाडीवर, हारावर, आणि ते बऱ्याचदा ड्युटीवरचा हवालदार स्वतःच्या खिशातून भागवतो, मी डोळ्याने पाहिलंय. तुमच्या वर्गणीतले पैसे तिथे लागतील, फार नाही लागणार.

आता लफडं. माणूस रस्त्यावर, डॉक्टर समोर नसताना गेला की पोलीस अकस्मात मृत्यू म्हणून नोंद करतात, पंचनामा होतो, पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम होतं. आधी हे सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम १७४ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून नवीन संहितेच्या कलम १९४ खाली होतं, बाकी कामाची पद्धत तीच. यात तुम्ही जाऊन 'आम्ही यांना ओळखत होतो' असं सांगितलं म्हणून कोणी तुम्हाला आरोपी करत नाही. जबाब घेतील, आधारची झेरॉक्स घेतील, दोन-तीनदा फेऱ्या मारायला लावतील, एवढाच त्रास.

पण चार दिवस काका शवागारात का आहेत ते समजून घ्या, कारण तुमचा खरा उपयोग तिथेच आहे. पोलीस त्या दिवसांत नातेवाईक शोधत असतात. फोटो काढतात, बाकीच्या ठाण्यांना पाठवतात, बेपत्ता लोकांच्या नोंदी बघतात, पेपरात ती चार ओळींची बातमी येते, अनोळखी इसम, वय अंदाजे ६५, रंग सावळा, बांधा सडपातळ. अशा वर्णनाची माणसं महाराष्ट्रात किती असतील सांगा बरं. त्यात तुम्ही सात-आठ वर्षांत जे सहज ऐकलं असेल ते कुठेच लिहिलेलं नसतं. ते कसं बोलायचे, 'आलो'ला काय म्हणायचे, कुठल्या देवाचं नाव घ्यायचे, कुठल्या गिरणीचं किंवा गावाचं नाव कधी तोंडातून गेलं का, हातावर गोंदण होतं का, गणपतीत अचानक दहा दिवस गायब व्हायचे का.

आमच्याकडे एकदा असेच एक आजोबा होते, तीन दिवस नुसता नंबर होते. चौथ्या दिवशी ते ज्या टपरीवर बसायचे तो चहावाला आला आणि म्हणाला की मॅडम त्यांना ताप आला ना की ते विचारायचे, गारगोटीची गाडी लागली का. बस. एवढंच. हवालदाराने कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीला फोन लावला, फोटो पाठवला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुतण्या हजर, अकरा वर्षं शोधत होता म्हणाला आणि तिथेच फरशीवर बसला. चहावाला आला नसता तर रजिस्टरमध्ये बेवारस लिहून आम्ही सगळे घरी गेलो असतो.

म्हणून मी या शब्दाला फार भिते. बेवारस म्हणजे कोणी नसलेला असं आपण धरून चालतो, पण खरं तर तो मुदत संपल्यावर मारायचा शिक्का आहे. मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी दोन हजारांवर माणसांचा जीव जातो, त्यातली कितीतरी लोहमार्ग पोलिसांच्या कागदावर आधी अनोळखीच असतात, कारण खिशात पाकीट नाही आणि मोबाईल कोणीतरी उचललेला, आणि तिकडे घरी बायको कुकर लावून वाट बघत असते. अयोध्येचे मोहम्मद शरीफ माहीत असतील, सायकल रिपेअर करणारे, ज्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. त्यांचा तरुण मुलगा बाहेरगावी गेला तो मारला गेला, मृतदेह बेवारस म्हणून गेला आणि घरी कळलं ते महिनाभराने. बाप जिवंत, घर जिवंत, तरी मुलगा बेवारस! त्यानंतर त्यांनी जिल्ह्यातल्या अशा मृतदेहांचं स्वतः करायला सुरुवात केली, हिंदूंचं हिंदूंसारखं, मुसलमानांचं मुसलमानांसारखं.

तर उद्याच पोलीस ठाण्यात जा. वरिष्ठ निरीक्षकांच्या नावाने साधा अर्ज द्या, सोसायटीच्या लेटरहेडवर दिला तर उत्तम, की आम्ही यांना इतकी वर्षं ओळखतो, माहिती ही एवढी आहे, नातेवाईक सापडले नाहीत तर अंत्यसंस्कार आम्ही करायला तयार आहोत. पोच घ्या. नातेवाईक मिळत नाहीत असं त्यांच्याकडून पक्कं झालं की पोलीस ओळखीच्या माणसांना किंवा संस्थेला ताबा देतात. आणि कपडे, पिशवी, फोटो जपून ठेवलेत ना, डीएनएसाठी नमुना घेतलाय ना, हे विचारून घ्या, विचारायला लाजू नका, उद्या गारगोटीहून कोणी आलं तर दाखवायला काहीतरी हवं.

तुम्ही नाही केलं तर? बहुतेक वेळा पोलीस आणि पालिकेचा माणूस मिळून विद्युतदाहिनीत किंवा लाकडावर करतात, काही ठिकाणी अनोळखी असेल तर मुद्दाम दफन करतात, म्हणजे पुढे ओळख पटवायची वेळ आली तर उकरता येईल. धर्म अंदाजानेच ठरतो, गोंदण, गळ्यातला दोरा, ताईत यावरून. आणि १९४९ चाच ॲनाटॉमी ॲक्ट आहे, त्याखाली ठरावीक मुदतीत कोणी दावा केला नाही तर मृतदेह मेडिकल कॉलेजला शिकायला देता येतो, पण पीएम झालेली बॉडी सहसा त्यांच्या कामाची नसते, तेव्हा काकांच्या बाबतीत ती शक्यता कमी.

शेवटी अग्नी कोणी द्यायचा यावर सोसायटीत वाद होईल, होतोच. आपल्याकडे मंत्र न म्हणता दिला तर भडाग्नी म्हणतात आणि तो काही कमी प्रतीचा नसतो, कोणीही द्या, वॉचमनने दिला तर मला जास्त आवडेल. ज्यांना दिवस घालायची हौस आहे त्यांच्यासाठी सांगते, पितृपक्षात आपल्या लोकांचे पिंड ठेवून झाले की एक धर्मपिंडही ठेवतात, ज्यांचं करणारं कोणी नाही त्यांच्यासाठी. सोय आधीपासून आहे.

प्रश्न : जिवंत माणसांना औषधं मिळत नाहीत आणि आमच्या टॅक्सच्या पैशातून ज्यांना कोणी ओळखत नाही त्यांच्या अंत्यविधीवर खर्च कशाला? — नाव नको, नाशिक

उत्तर : औषधांचं म्हणताय ते शंभर टक्के बरोबर, त्यावर वेगळं पत्र लिहा, मी छापायला लावेन. पण दोन्ही पैसे एकमेकांच्या खिशातून जात नाहीत हो. आणि मृतदेह तसाच ठेवता येत नाही, काहीतरी तर करावंच लागणार, मग प्रश्न एवढाच उरतो की नीट करायचं की कचऱ्यासारखं. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये परमानंद कटारा यांच्या केसमध्ये म्हटलंय की माणसाची प्रतिष्ठा मेल्यावर त्याच्या देहालाही लागू आहे, आणि २००२ मध्ये दिल्लीत बेघरांसाठी काम करणाऱ्या आश्रय अधिकार अभियानाच्या केसमध्ये बेघर, बेवारस माणसाला त्याच्या धर्माप्रमाणे सन्मानाने निरोप मिळायला हवा असं मान्य झालं. तुमचा टॅक्स त्यात किती गेला ते मोजलंत तर एक कटिंगही येणार नाही असं मला वाटतं.

प्रश्न : मी लेस्टरमध्ये असते. आमच्या दुकानात कामाला येणारे सांगलीकडचे एक गृहस्थ, साठीचे, एकटेच खोली घेऊन राहायचे, हार्ट अटॅकने खोलीतच गेले. इथे कोणीच नाही, गावी फक्त एक थकलेली बहीण, तिच्याकडे पैसे नाहीत. काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, करेल म्हणतात, पण ते पुरून टाकतील का अशी बहिणीला भीती आहे. — वाचक, लेस्टर

उत्तर : काउन्सिल करेल, नुसतं करेल असं नाही, तिला करावंच लागतं. इंग्लंड-वेल्समध्ये १९८४ चा सार्वजनिक आरोग्याचा कायदा आहे, त्याच्या कलम ४६ प्रमाणे कोणी व्यवस्था करणारं नसेल तर ज्यांच्या हद्दीत माणूस गेला त्या काउन्सिलने दफन किंवा दहन करायचं. मृत्यू हॉस्पिटलात झाला असता तर बहुधा हॉस्पिटलनेच केलं असतं. खर्च त्यांच्या मागे राहिलेल्या पैशातून वसूल करतात, बँकेत काही असेल तर तेवढं जाईल, बहिणीच्या दारात कोणी वसुलीला येणार नाही.

बहिणीची भीती मात्र खरी आहे आणि त्यावर उपाय पण सोपा आहे, तो आजच करा. त्याच कलमात लिहिलंय की मृताच्या इच्छेविरुद्ध दहन करायचं नाही, त्यामुळे ज्याच्याबद्दल काहीच माहीत नाही त्याला काउन्सिल सावधगिरी म्हणून पुरायचा निर्णय घेऊ शकतं. तुम्ही त्यांना लेखी ईमेल करा की हे हिंदू होते, दहनच हवं होतं, बहिणीचंही तेच म्हणणं आहे, आणि बहिणीचा मराठीतला व्हिडीओ असला तरी जोडा. वेळ आणि तारीख कळवायला सांगा, विधी अगदी साधा असतो, बहुतेक सकाळी लवकरची वेळ मिळते, पण जाऊन बसायला सहसा कोणी अडवत नाही. अस्थी बहिणीसाठी हव्यात हे आधीच सांगा, नंतर सांगितलं तर तिथल्याच बागेत टाकलेल्या असतात.

आणि त्यांचा पासपोर्ट भारतीय होता का बघा. असेल तर भारताच्या हाय कमिशनला, म्हणजे तिथल्या आपल्या वकिलातीला, फोन करा, परराष्ट्र खात्याचा इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे, २००९ पासून, परदेशात गेलेल्या गरीब भारतीयाचा मृतदेह घरी आणायला किंवा तिथेच अंत्यसंस्कार करायला त्यातून मदत मिळू शकते. आखातात आपली किती माणसं कामाला आहेत, हा फंड तिकडच्या वाचकांनीही लक्षात ठेवा. ब्रिटिश पासपोर्ट असेल तर हा रस्ता बंद.

प्रश्न : मी ७१ वर्षांची, लग्न केलं नाही, पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकटी. भाची कॅनडात. पैसे आहेत, पण मी गेले आणि तीन दिवस कोणाला कळलंच नाही तर? मृत्युपत्रात सगळं लिहिलंय. — एक वाचक, कोथरूड

उत्तर : मृत्युपत्र कपाटात असतं आणि कपाट दिवस झाल्यावर उघडतात, त्यामुळे अंत्यविधीची इच्छा त्यात लिहून काही उपयोग नाही हो. ती वेगळ्या कागदावर लिहा, एक प्रत भाचीला, एक शेजारी, एक तुमच्या डॉक्टरांना. त्यात तुमचे फॅमिली डॉक्टर कोण हे वर लिहा, कारण घरी मृत्यू झाला तर कारणाचं सर्टिफिकेट ते देऊ शकतात, ते मिळालं नाही की पोलीस आणि ससून हॉस्पिटलचा रस्ता सुरू होतो आणि भाची विमानात असताना तुमचं पीएम चाललेलं असतं. हे सर्टिफिकेट असलं की पालिकेचा पास, वैकुंठ स्मशानभूमी, शववाहिनी हे सगळं शेजारच्या पोराला दोन फोनमध्ये जमतं. पैसे आहेत म्हणता, तर शेजाऱ्याकडे एक पाकीट ठेवा, लाजू नका, बँक त्या दिवशी उघडत नाही. देहदान करायचं असेल तर नुसता फॉर्म भरून थांबू नका, भाचीला आजच सांगा, कारण कॉलेजला फोन कोणीतरी करायचा असतो आणि जवळच्या माणसाने नको म्हटलं तर ते घेत नाहीत.

तीन दिवस कळू नये याची तजवीज वेगळी. तुमच्या पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी असते, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या नियमांत ती ठेवायला सांगितलीय, तिथे जाऊन नाव टाका. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन फोनमध्ये सेव्ह करा. पण खरं काम करतो तो दूधवाला. त्याला सांगून ठेवा की कालची पिशवी दारात दिसली तर बेल वाजव, आणि उघडलं नाही तर समोरच्यांना सांग. आणि हो, चावी समोरच्यांकडे द्या, आमच्या ओळखीच्या एका बाईंनी सगळे कागद नीट फाइल करून ठेवले होते आणि आतून लॅच, सुतार मिळेपर्यंत दुपार झाली.