सिरॉसिसमध्ये टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घ्यावे का?

प्रश्न : अनेक वर्षांच्या मद्यपानामुळे माझ्या पतींना यकृताचा सिरॉसिस (यकृतात चट्टे पडून ते कडक होण्याचा विकार) झाला आहे. त्यांची छाती स्त्रियांसारखी वाढली असून रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी आढळले. एका परिचितांनी त्यासाठी इंजेक्शन सुचवले. दुसऱ्यांनी याच संप्रेरकामुळे यकृताचा कर्करोग होतो, असे सांगितले. काय करावे? – एक वाचक

उत्तर : यकृतविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय इंजेक्शन मुळीच घेऊ नये. मद्य वृषणांतील टेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या पेशींना थेट इजा करते, त्या पेशींना मेंदूकडून मिळणारा संदेशही क्षीण करते, आणि सिरॉसिसमध्ये उरल्यासुरल्या पुरुष-संप्रेरकाचे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात होणारे रूपांतर वाढते. छाती वाढणे, अंगावरचे केस विरळ होणे ही त्याचीच लक्षणे आहेत. जलोदरासाठी (पोटात पाणी साचण्यासाठी) स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर छाती वाढण्यात त्या गोळीचाही वाटा असू शकतो. मात्र ती परस्पर बंद करू नये.

कर्करोगाची शंका निराधार नाही. यकृताचा कर्करोग पुरुषांमध्ये स्त्रियांच्या सुमारे 2 ते 3 पट आढळतो. मद्यपान आणि हिपॅटायटिस यांचे पुरुषांमधील अधिक प्रमाण हे त्याचे एक कारण आहेच; पण प्रयोगशाळेत सारख्याच परिस्थितीत ठेवलेल्या उंदरांमध्येही नरांना हा रोग अधिक होतो आणि वृषणे काढल्यास त्याचे प्रमाण घटते. स्नायू वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या ॲनाबॉलिक स्टेरॉइडांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे.

तरीही तुमच्या पतींच्या बाबतीत एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. त्यांचे टेस्टोस्टेरॉन कमी आहे म्हणून त्यांना कर्करोगापासून संरक्षण मिळाले, असे मुळीच नाही. सिरॉसिसमध्ये पेशींचा सततचा नाश, पुनर्निर्मिती आणि व्रणीभवन (चट्टे पडणे) हाच धोक्याचा मुख्य उगम असतो. संप्रेरक वरून देऊन किंवा अडवून सिरॉसिस वा यकृताचा कर्करोग आवरण्याचे प्रयत्नही निराशाजनक ठरले. कोपनहेगनमधील संशोधकांनी मद्यजन्य सिरॉसिस झालेल्या 221 पुरुषांवर केलेल्या आणि 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तोंडावाटे टेस्टोस्टेरॉन दिल्याने रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. इस्ट्रोजेनला अडवणारे टॅमॉक्सिफेनही यकृताच्या कर्करोगात आयुष्य वाढवू शकले नाही. माझ्या मते म्हणूनच रक्तातील या आकड्यामागे धावण्यात अर्थ नाही.

मद्य कायमचे बंद करणे हाच उपचाराचा पाया आहे. अचानक थांबवल्यास कंप, भ्रम किंवा झटके येऊ शकतात, त्यामुळे रोजचे पिणे असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावे. मद्य सुटले तरी सिरॉसिस असेपर्यंत कर्करोगाचा धोका पूर्ण संपत नाही, म्हणून दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे अल्फा-फीटोप्रोटीन या यकृताच्या कर्करोगाचा सुगावा देऊ शकणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी चालू ठेवावी. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी झाली नसल्यास तीही करून घ्यावी. छातीत एकाच बाजूला टणक गाठ लागली, तर ती संप्रेरकांमुळेच आहे असे गृहीत न धरता लवकर दाखवावी.