पिकअपवाल्याची कॉलर

प्रिय बेटा,

परवा पाळधीजवळ तू पिकअपवाल्याची कॉलर धरलीस, ते कानावर आलं. कट त्यानंच मारला, चूक त्याचीच. तरी लिहितोय, कारण हे मीही करून बसलोय.

तेव्हा मी सावद्याहून मुंबईला केळी न्यायचो. मे महिना, केबिनमध्ये भट्टी पेटल्यासारखी धग. एरंडोल सोडल्यावर एका जीपनं कट मारला आणि माझं डोकं फिरलं. अपर लाईट लावून पाठलाग केला, ओव्हरटेक करून पुढे घातली आणि त्याला अद्दल घडवायला करकचून ब्रेक दाबला. जीपवाला बाजूनं निघून गेला. माझ्या शेजारी डुलकी घेणारा क्लीनर मात्र डॅशबोर्डवर आपटला. कोवळं पोरगं. त्याच्या कपाळावर मी गमछा दाबून धरला होता, तो भिजून माझ्या बोटांना चिकटत होता, आणि तोच मला म्हणत होता, "जाऊ द्या ना भो, काही नाही लागलं." पारोळ्याला चार टाके पडले.

मी खूप विचार केला यावर. कापसाची बैलगाडी आडवी आली तर आपण 'काका, जरा बाजूला घ्या' म्हणतो, कारण माणूस समोर दिसतो. पिकअपमधला दिसत नाही. नुसती गाडी दिसते, आणि वाटतं, यानं मुद्दामच केलं.

डोकं तापलं की आधी ॲक्सिलेटरवरचा पाय काढ. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला १६ मीटरहून जास्त पळते. शिवी द्यायला मान वळवलीस तेवढ्यात किती रस्ता न बघता गेला, तूच मोज. उन्हाळ्यात पाणी जवळ ठेव, उपाशी पोटी स्टिअरिंग धरू नकोस. कोणी मागेच लागला तर खाली उतरू नकोस. काच वर, गाडी सरळ पंपावर किंवा पोलीस ठाण्यात, आणि ११२ ला फोन. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक गाडी चालवली म्हणून वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि आपलं पोट लायसन्सवर आहे.

तो पिकअपवाला धरणगावचा आहे म्हणे. मंगळवारी तुझी फेरी तिकडेच आहे. त्याला गाठ, चहा पाज. एकट्यानं जायला जड वाटत असेल तर सकाळी फोन कर, मी येतो सोबत.

तुझा,
काका